पिवळी न पडलेली काच

मुलीच्या प्रयोगशाळेत खिडकीशी एका ट्रेमध्ये नखाएवढ्या काचा मांडल्या होत्या, साऱ्या हळदीसारख्या पिवळ्या. मला त्या सुंदर वाटल्या. मुक्ता म्हणाली, "आई, या मेलेल्या आहेत."

त्यांवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा थर होता. तो चांगला असतो तोवर काळा दिसतो आणि उन्हातून भरपूर वीज काढतो. पण दमट हवा, उष्णता, इतकंच काय, ऊनसुद्धा त्याला सोसत नाही. मग तो पिवळा पडतो आणि वीज आटते.

"म्हणजे ज्या उन्हासाठी जन्म, तेच सोसवत नाही?"

"हो ना. तेच सोसायला शिकवतेय त्याला."

यंदा तिनं थरावर पातळ लेप दिला होता, कडा घट्ट बंद केल्या होत्या आणि एक काच पावसाळाभर गच्चीवर ठेवली होती. आज ती बघायची होती. गच्चीच्या दाराशी मुक्ता थबकली. "तूच बघ आधी."

चालत जाताना मनात आलं, लग्नाला सगळा गाव येतो, पण पुढचा संसार टिकतो तो कुणी बघत नसताना. टिकणं रोजचं असतं.

काच काळी होती. एका कोपऱ्यात मोहरीएवढा पिवळा ठिपका तेवढा होता. मुक्तानं मीटर लावला, आकडा पाहिला आणि तिथंच खाली बसली.

"देतेय अजून वीज," ती हळूच म्हणाली. मग ठिपक्यावर बोट ठेवून हसली. "आणि पाणी कुठून शिरतं, तेही कळलं."