हेडलाइटमधलं धुकं

वाकडेवाडी मागे पडली तरी रंगरावांचं बोलणं हेडलाइटवरच होतं. संकष्टीला खडकीहून दगडूशेठपर्यंत पायी जायचं, हा श्रद्धाताईंचा जुना नेम. शेजारचे रंगराव आज पहिल्यांदाच बरोबर निघाले, आणि ताईंचं अथर्वशीर्ष तिसऱ्या आवर्तनातच अडकलं.

रंगराव दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं पेट्या हवाबंद करण्यात गेली. घरी बसवेना, म्हणून ओळखीपाळखीच्यांच्या गाड्यांचे हेडलाइट सजवून द्यायला लागले. दिवा बायकोच्या, चंपाच्या, ओव्हनमध्ये मंद तापवायचा, डिंक मऊ झाला की काच अलगद सोडवायची, आतली चंदेरी वाटी काळी रंगवायची आणि नवा डिंक भरून पुन्हा बंद. हात सुबक. म्हणूनच सुनेनं, निकितानं, आपली गाडी विश्वासानं त्यांच्यापुढे उभी केली.

"आणि चार दिवसांत दिव्यात धुकं!" रंगराव म्हणाले. "संध्याकाळी हिंजवडीहून येताना तिला पुढचं नीट दिसेना. तरी बोलली नाही हो काही. 'बाबा, सोमवारी गॅरेजला टाकते,' एवढंच. त्यापेक्षा भांडली असती तर बरं होतं."

"पण चुकलं कुठं?"

"मागे बारीक भोक असतं, हवा ये-जा करायला. मी तेही बुजवलं! भोक दिसलं की बुजवायचं, चौतीस वर्षांची खोड."

"स्वतःचं नाक तेवढं सोडलंत, गणपतीची कृपा."

"चंपा हेच म्हणाली. फक्त जरा मोठ्यानं."

दर्शन झालं. रंगरावांनी बराच वेळ हात जोडले होते. बाहेर आल्यावर ताईंनी प्रसादाचा पेढा अर्धा करून त्यांना दिला.

"बाप्पाकडे काय मागितलंत?"

"धीर." पेढा हातातच होता. "उद्या रविवार. दिवा उघडून, वाळवून, भोक मोकळं ठेवून बंद केला, तर सोमवारी गाडी गॅरेजला जायची नाही. पण चंपानं ओव्हन कपाटात घातलाय, किल्ली कमरेला. परवाच्या नानकटाईला रबराचा वास आला म्हणे."

"म्हणे?"

"आला."

ताईंना आता कळलं, हा माणूस आज एवढं चालत का आला ते.

"ताई, उद्या तासभर तुमचा ओव्हन द्याल? त्यात नैवेद्याचं काही करत असाल, तर मात्र मोकळेपणानं नाही म्हणा."