एस्तेरबाईंची तंबी

एस्तेरबाई गेल्याचं मला पाळकांनी कळवलं. आमच्याकडे फोन नाही, शेजारच्या लक्ष्मम्माकडे आहे. तिनं भिंतीवरून हाक मारली, "मार्थाक्का, तुमचा फोन, बेग बेग, लवकर या!" मी ओले हात पदराला पुसत गेले. पाळक म्हणाले, "एस्तेरबाई आज सकाळी प्रभूकडे गेल्या. करुणानं तुम्हाला कळवायला सांगितलं." करुणा माझी मुलगी, एकुलती एक. गेली पाच वर्षं ती कोरमंगल्याला एस्तेरबाईंच्या खोलीत राहत होती. त्या खोलीच्या खालीच एसटीडीचं दुकान आहे. जिना उतरून तिनं पाळकांना फोन केला, मला केला नाही. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. लक्ष्मम्मानं विचारलं, "कोण गेलं अक्का, नात्यातलं?" मी नाही म्हणाले. घरी येऊन उरलेली भांडी घासली.

याला आता दीड महिना झाला. स्मरणाच्या उपासनेत मंडळीतले सगळे उठून तिच्याविषयी गोड बोलले. जिवंतपणी जे तिला टाळून दुसऱ्या बाकावर बसायचे तेही बोलले. मी उठले नाही. मला जे सांगायचं होतं ते तिथे कुणाला नको होतं, आणि मलाही ते उभं राहून सांगायचा धीर नव्हता.

बंगळुरात आम्ही मराठी ख्रिस्ती लोक थोडे. कुणी फौजेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले, कुणी कारखान्यांत नोकरीला आलेले. माझा नवरा फिटर होता, नगरकडचा. आमची उपासना रविवारी दुपारी असते. सकाळी इंग्रजी आणि तमिळ उपासना आटोपल्या की मग चर्च आम्हाला मिळतं, बाक अजून गरम असतात. एस्तेरबाई तिथे मला पहिल्यांदा भेटली तेव्हा माझी करुणा रांगत होती. एस्तेरबाई माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, एका मोठ्या दवाखान्यात हाडांच्या विभागात नर्स. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालण्यात तिची तीस वर्षं गेली. बोटं कायम खरखरीत, नखांच्या कडेला पांढरं. कुणाची तब्येत विचारायची ती डोळे बारीक करून, आणि "बरी आहे" म्हटलं तर म्हणायची, "ते तू सांगतेस. मी बघते."

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वचन काढायची पद्धत आहे. एका पेटीत पवित्र शास्त्रातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. डोळे मिटून प्रार्थना करायची, एक चिठ्ठी काढायची, ते तुमचं वर्षाचं वचन. लोक ती घरी नेऊन फडताळाला चिकटवतात. इंग्रजी आणि कानडी चिठ्ठ्यांच्या छापील पेट्या इथे दुकानात मिळतात, मराठी मिळत नाही. म्हणून एस्तेरबाई दरवर्षी नाताळची जुनी कार्डं कापून त्यांच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हातानं वचनं लिहायची. छापील पेट्यांत सगळी वचनं आशीर्वादाची असतात. एस्तेरबाई तंबीचीही लिहायची. जिभेला आवर घालण्याविषयी, खोट्या वजनमापाविषयी, गर्वाविषयी. लोक कुरकुरायचे, सणाच्या दिवशी हे कशाला म्हणून. ती म्हणायची, "मी काय लग्नपत्रिका वाटतेय?" एका वर्षी चहाडखोराविषयीचं वचन आमच्या सेक्रेटरींना आलं. ते म्हणाले, "एस्तेरबाई, हे मुद्दाम माझ्यासाठी ठेवलंत." ती म्हणाली, "नाही हो, डोळे मिटून तुम्हीच काढलंत. पण बसलंय मापात." सगळी मंडळी हसली. मीही हसले. तोपर्यंत मला हसायला काही हरकत नव्हती.

माझा नवरा वारला त्यानंतर तीन वर्षांनी प्रकाश आमच्या मंडळीत यायला लागला. नव्वद सालानंतरची गोष्ट. करुणा पंचविशीला आलेली. आमच्यातली मुलं कुणी तमिळ मुलगी करत होतं, कुणी आखातात जात होतं. हा मूळचा सोलापूरचा, मराठी बोलणारा, होसकोट्याच्या एका कारखान्यात कायम नोकरी, दारूचा थेंब नाही. शास्त्र वाचायचा तर चर्च शांत व्हायचं. प्रार्थनेत मंडळीतल्या एकेका आजाऱ्याचं नाव घ्यायचा... मी बाई भाळले. करुणा नाही, मी. घरी येऊन तोच म्हणाला, "मावशी, हुंडा म्हणून मला तांदळाचा एक दाणा नको. प्रार्थना करणारी मुलगी पाहिजे." त्याची आई होसकोट्याला त्याच्यापाशीच असायची, पण उपासनेला कधी आली नाही. तब्येत बरी नसते, असं तो सांगायचा.

मी प्रार्थना केली. नव्या वर्षाच्या दिवशी देव काय ते सांगेल म्हणून थांबले. त्या दिवशी पेटीत हात घातला आणि चिठ्ठी आली ती नीतिसूत्रांतली. मूर्खाला आपलीच वाट सरळ वाटते आणि शहाणा दुसऱ्याचा सल्ला ऐकतो, अशा अर्थाचं वचन. अक्षर एस्तेरबाईचं, ठळक, तिरकं. मी ती चिठ्ठी परत पेटीत टाकली. मनाशी म्हटलं, प्रार्थना अर्धवट झाली होती. दुसरी काढली, ती उपासाविषयी होती. तीही टाकली. तिसरी आशीर्वादाची आली, घरादाराच्या भरभराटीची. ती मी घरी नेली, करुणाला दाखवली आणि म्हणाले, "बघ, देवानं होकार दिला." करुणानं ती वाचली आणि मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

एस्तेरबाई तेव्हा पेटीपासून दोन हातांवर उभी होती. पुढच्या आठवड्यात ती डझनभर केळी घेऊन बसनं होसकोट्याला गेली, कुणाला न सांगता, प्रकाश कामावर असताना. तिथून सरळ माझ्याकडे आली. पायातली चप्पल न काढता दारातच उभी राहून म्हणाली, "मार्था, करुणाला बाहेर पाठव." मी करुणाला दूध आणायला पाठवलं. एस्तेरबाई बसली. म्हणाली, "त्याच्या आईचा डावा हात मी बघितला. मोडून जुळलाय, वाकडा. कसा मोडला विचारलं तर म्हणते न्हाणीत घसरले."

"मग घसरली असेल."

"घसरणारा माणूस हात टेकतो. त्याचं मनगट मोडतं. हिचं मनगट धड आहे. इथे मोडलाय." तिनं माझाच हात धरला आणि कोपराच्या खाली, करंगळीच्या बाजूला बोट दाबलं. "हे हाड मोडतं ते असं केलं की." तिनं स्वतःचा हात डोक्यावर आडवा धरला, वरून येणारी काठी अडवावी तसा. "तीस वर्षांत अशा शंभर बायका बघितल्या मी. सगळ्या न्हाणीत घसरलेल्या."

मी म्हणाले, तिचा नवरा मारत असेल. ती म्हणाली, नवरा बारा वर्षांपूर्वी गेला, हाड मोडलंय ते गेल्या दोन वर्षांत. मी म्हणाले, मी प्रार्थना केलीय, मला वचन मिळालंय. तेव्हा ती जे बोलली ते मला शब्द न शब्द पाठ आहे. "मी बघत होते. तू देवाला विचारत नव्हतीस, मार्था, त्याची सही घेत होतीस. आत्म्यांची पारख करा म्हणून शास्त्रात सांगितलंय. सोनार पारख करतो ती डोळे मिटून करतो का? प्रार्थना डोळे मिटून कर आणि मग डोळे उघडून होसकोट्याच्या बसमध्ये बस. सहा महिने थांब. त्या बाईशी बोल. शेजाऱ्यांना विचार."

मला राग आला. आपली चोरी ज्यानं बघितली त्याचा येतो तसला. मी म्हणाले, "तुम्हाला ना नवरा ना मूल. दुसऱ्याच्या घरात लग्न निघालं की तुमच्या पोटात दुखतं." ती म्हणाली, "करुणाला मी सांगू?" मी म्हणाले, "तिच्याशी एक अक्षर बोललात तर या घराची पायरी चढायची नाही." ती उठली. "सरी," एवढंच म्हणाली, इथले लोक 'बरं' म्हणायला म्हणतात तसं, आणि गेली. लोक तिला फार शहाणी म्हणतात. होतीच. पण एक चूक तिनंही केली, तिनं माझं ऐकलं. करुणाला तिनं सांगितलं नाही.

लग्न मे महिन्यात झालं. एस्तेरबाई आली, मागच्या बाकावर बसली, जेवून गेली. त्यानंतर दीड वर्ष करुणा रविवारी प्रकाशबरोबर यायची, लांब बाह्यांचे ब्लाउज घालून. मी विचारलं नाही. उकाड्यात लांब बाह्या... आईला दिसत नाही असं नसतं. मी बघायचं टाळलं. मग एका दुपारी ती होसकोट्याहून बसनं एकटीच आली ती माझ्याकडे नाही, एस्तेरबाईंकडे. डावा हात ओढणीत बांधलेला. मोडला होता तिथेच, कोपराच्या खाली, करंगळीच्या बाजूला. एस्तेरबाई निवृत्त झाली होती, पण दवाखान्यात घेऊन गेली आणि प्लास्टर स्वतः घातलं. तिथल्या पोरींना हात लावू दिला नाही, असं मला नंतर कळलं.

मी काय केलं तेही लिहिते. पुढच्याच रविवारी प्रकाश मंडळीसमोर उभा राहिला, रडला, आपल्याला पश्चात्ताप झाल्याची साक्ष दिली. लोकांचे डोळे भरून आले. पाळक म्हणाले, घर जोडायला हवं. मी त्यांना घेऊन करुणाला न्यायला कोरमंगल्याला गेले. एस्तेरबाई दारात उभी राहिली, आम्हाला आत घेतलं नाही. पाळक म्हणाले, "एस्तेरबाई, क्षमा करायला प्रभूनंच शिकवलंय."

"करील की ती क्षमा," एस्तेरबाई म्हणाली. "इथे बसून करील. क्षमा करायला होसकोट्याला जावं लागतं असं कुठे लिहिलंय?"

मी तिच्या खांद्यावरून आत हाक मारली, "करुणा, चल. नवरा रडतोय तुझा." ती समोर खाटेवर बसलेली मला दिसत होती, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याविषयी मी लिहिणार नाही.

त्यानंतर पाच वर्षं. एस्तेरबाईंनी तिला टायपिंग शिकवलं, एका शाळेच्या ऑफिसात चिकटवलं. प्रकाश दुसऱ्या गावी बदली घेऊन गेला, तिथल्या मंडळीत शास्त्र वाचतो असं ऐकते. करुणा मला चर्चमध्ये भेटे, "आई, बरी आहेस?" म्हणे, आणि जाई. एस्तेरबाई माझ्याशी हस्तांदोलन करायची, नेहमीसारखं. "मी सांगितलं होतं" हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. ऐकले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

दफनविधीच्या दिवशी माती लोटल्यावर लोक नातलगांना भेटायला रांगेत उभे राहिले. नातलग म्हणून करुणा एकटी उभी होती. मी रांगेत उभी राहिले, माझ्यापुढे अकरा माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा स्वतःच्या मुलीशी हात मिळवून मी म्हणाले, "देव तुला सांत्वन देवो." ती म्हणाली, "थँक यू, आई." मागच्या माणसाला वाट द्यायची म्हणून मी पुढे सरकले.

गेल्या आठवड्यात मी कोरमंगल्याला गेले. खोली तशीच आहे. खाट, टेबल, खिळ्याला एस्तेरबाईंची कापडी पिशवी. करुणानं मला आत घेतलं, चहा ठेवला. मी ठरवून गेले होते. चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. तीन चिठ्ठ्या काढल्या ते. प्रकाशच्या आईच्या हाताचं लग्नाआधी चार महिने मला माहीत होतं ते. एस्तेरबाईंचं तोंड मी बंद केलं ते. करुणा स्टोव्हकडे तोंड करून उभी होती. तिनं चहा गाळला, माझ्यासमोर ठेवला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "प्लास्टर घालतानाच एस्तेरमावशीनं सांगितलं. रडली ती, मला आधीच बोलायला हवं होतं म्हणाली."

"मग तू मला कधी विचारलं नाहीस?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते."

"पाच वर्षं?"

"मावशी म्हणायची, येईल ती, सांगेल. मार्था हट्टी आहे, खोटी नाही." करुणानं गाळणं विसळलं. "तिच्यासमोर सांगायला हवं होतंस, आई."

चहा मी पूर्ण प्यायले, टाकायचा कशाला. निघताना दाराला मला दोन कड्या दिसल्या. वरची जुनी, गंजलेली. खालची जाडजूड, नंतर बसवलेली. मी म्हणाले, बरं केलंत, त्याचा काय भरवसा होता. करुणा म्हणाली, "प्रकाश मला न्यायला आला होता तेव्हा वरची एकच होती, ती पुरली. खालची मावशीनं नंतर बसवून घेतली. तू पाळकांना घेऊन आली होतीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी जिना उतरायला लागले. पाठीमागे दार लागलं, मग वरची कडी लागली. मी कठड्याला धरून थांबले. खालून रिक्षांचा आवाज येत होता, तरी नीट ऐकू आलं... खालचीही लागली.