वीस की बावीस

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो गेला. आता तुम्हाला सांगते – मध्ये अडखळले तर अडखळू द्या.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, निफाडजवळच्या गावात. पण दिडकी, अडीचकी – दीडाचा, अडीचाचा पाढा – अजून तोंडपाठ. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हापासून त्याचा मला तोरा. घरात कुणी कॅल्क्युलेटर काढला, की मी आधीच उत्तर सांगून मोकळी. मिरवायला माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

सहा वर्षांपूर्वी माझ्या सुनेला, ज्योतीला, शिवणाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली. शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाचासाठी आठ परकर, सगळे एकाच रंगाचे. एका परकराला पावणेतीन मीटर कापड. ती कागदावर एकाखाली एक मांडून मिळवत होती – पावणेतीन, साडेपाच, सव्वाआठ, अकरा – करत करत बावीसवर आली. मला हसू आलं.

"अगं, काय बालवाडीसारखी मोजत बसलीस? आठ अडीच वीस! वीस मीटर आण."

तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिच्या बावीसवर काट मारली. अडीचवरचा पाव, तोही आठ वेळा – मी धरलाच नाही. इथवर नुसती चूक होती.

ती मेन रोडवरून वीस मीटर घेऊन आली. सातवा परकर कापला आणि हातात पाऊण मीटर उरलं. धावत दुकानात गेली, तर ते ठाण संपलेलं. ती बाहेर होती तेवढ्यात मी मनाशी पुन्हा मोजलं. मग मशीनच्या खणातला तो कागद काढला आणि कमरेच्या पिशवीत कोंबला. काय करायचं ते तेव्हाच ठरलं होतं का माझं? हो. ठरलं होतं.

ती आल्या आल्या म्हणाली, "आई, तुम्ही वीस म्हणालात ना?"

"बावीस म्हटलं मी. तुला वीस ऐकू आलं."

"पण मी कागदावर मांडलं होतं –"

"मग दाखव कागद."

तिने खण उपसला, गादी उचलून पाहिली. मी मेथी निवडत बसले. माझा मुलगा तिथेच होता. म्हणाला, आईचा हिशेब कधी चुकत नाही.

आठवा परकर वेगळ्या छटेचा झाला. त्या मुलीला बाईंनी मागच्या रांगेत ढकललं. शाळेने पुन्हा काम दिलं नाही, आणि ज्योतीने कुठे मागितलंही नाही. मशीनवर आता लोणच्याच्या बरण्या आहेत.

परवा पाचवीतली नात गणित घेऊन आली – एका डब्यात पावणेतीन लिटर तेल, तर आठ डब्यांत किती? आधी आईकडे गेली. ज्योती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आजीला विचार बाई. मला वीस आणि बावीस यातला फरकसुद्धा ऐकू येत नाही."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला ते खरंच वाटतं.

नातीला मी उत्तर बरोबर सांगितलं. पाव धरून.

ज्योतीने त्या दिवशी नीट ऐकलं होतं. मी वीसच म्हटलं होतं.