एक्स्पायर्ड म्हणजे काय

माझी माय तेलंगणात, भीमपूरकडच्या गावात एकटी राहते. आदिलाबादला माझ्या दुकानाच्या वरच दोन खोल्या आहेत, पण तिला तिथं करमत नाही. बीपीची गोळी मात्र ती हमखास विसरायची, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की ही गोळी चुकली तर लकवा मारेल. म्हणून मी तिच्या मोबाइलमध्ये गोळीची आठवण करणारं ॲप टाकलं. वेळ झाली की घंटी वाजणार, पडद्यावर त्याच गोळीचा फोटो येणार. ॲपमध्ये मराठी नव्हतं. माय लहानपणी तेलुगू शाळेत शिकलेली, म्हणून मी तेलुगू लावून दिलं.

दर महिन्याला ॲपच्या भाड्याचे पैसे माझ्या खात्यातून आपोआप कटायचे. त्याही महिन्यात कटले, मेसेज आला, आणि मी निर्धास्त गिऱ्हाइकं पाहत बसलो.

तिकडं मायच्या मोबाइलमध्ये वेगळाच तमाशा. पैसे भरल्याचं त्या ॲपला कळलंच नाही. त्यानं जुनी मुदत धरली, घंटी बंद केली आणि गोळीच्या फोटोवर लाल पट्टी मारली. पट्टीवर तेलुगू अक्षरांत 'एक्स्पायर्ड'.

हा शब्द मायला चांगला ठाऊक. मीच तिला शिकवला होता की औषधाच्या पाकिटावर एक्स्पायर बघायचं, तारीख गेली असेल तर घ्यायचं नाही. तिनं काय करावं? घरातल्या सगळ्या गोळ्या नेऊन खड्ड्यात पुरल्या. उकिरड्यावर टाकल्या तर कोंबड्या खातील म्हणून वर दगडही ठेवला.

आठवड्याभरानं शेजारीण तिला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन आली. उजवा हात लुळा पडला होता. बोलणं तेवढं शाबूत होतं.

शेजारणीकडून खड्ड्याची गोष्ट ऐकली, मायचा मोबाइल उघडला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखान्याच्या जिन्यातूनच कंपनीला फोन लावला. तिकडून एक पोरगी गोड हिंदीत म्हणाली, "सर, आपका सब्स्क्रिप्शन तो चालू है."

"तुम्हारे पास चालू है. उसके फोन में काऊन खतम दिखा रहा है?"

"सर, कभी कभी ॲप को रिन्यूअल का पता नहीं चलता. मैडम को बोलिए, एक बार लॉगआउट करके लॉगिन कर लें."

मॅडमचा हात उठत नाही, म्हटलं. ती म्हणाली, असुविधा के लिए खेद है. असुविधा! पैसे कापायचे तेव्हा बरं बिनचूक कळतं यांना. मुदत वाढली की संपली, एवढंही ज्याला ओळखता येत नाही त्यानं कुणाच्या गोळ्यांची राखण करायला घेऊच नये. आणि संपलं काय, तर तुमचं भाडं. मग गोळीच्या तोंडावर एक्स्पायर्ड कशाला लिहिता? हे सगळं मी तिला ओरडून सांगितलं. दवाखान्यातली माणसं बघत होती, बघू देत. तिनं फीडबॅक पुढं पाठवते म्हणून फोन ठेवला.

तो राग घेऊनच मी मायच्या खाटेजवळ गेलो आणि तिच्यावरही उखडलो.

"गोळ्या फेकल्या त फेकल्या, मले एक फोन काऊन नाई केला?"

तिनं डाव्या हातानं पदर सारखा केला.

"काय सांगू बाप्पा. गोळ्या तूच आनल्या होत्या. खराब निघाल्या म्हनलं असतं, त तू मनाले लावून घेतलं असतं. म्हनलं, येशीन तवा हळूच सांगीन."