अवसेची भिंत

"अवसेच्या दिवशी कुणी घर बांधतं का हो? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

हा आवाज साळूबाईचा. मी समोरच्या घरात जोंधळे निवडत बसले होते. आमच्या मुकुंदवाडीत तेव्हा गल्ली एवढी अरुंद, की एका घरात फोडणी पडली की समोरच्या घरात शिंक यायची. भांडण ऐकायला कान लावायची गरज नव्हती. तरी मी लावले, खोटं कशाला सांगू?

"मग कधी बांधू?" तिचा नवरा, त्रिंबक गवंडी, विटेवर थापी ठोकत म्हणाला. "महिनाभर लोकांची घरं बांधतो. गवंड्याला सुट्टी एकच, अवसेची. त्या दिवशी कुणी कामावर बोलवत नाय, म्हणून मी मोकळा."

"साऱ्या बाया विचारतात मला, घरावर कसली सावली आणताय म्हणून!"

"त्यांना सांग, सावलीसाठीच बांधतोय."

"आणि गिलावा? तो कोणत्या अवसेला?"

"गिलावा नाय करायचा."

आत एक भांडं आपटलं. मी सूप खाली ठेवलं.

"गिलावा म्हणजे गवंड्याचं पांघरूण," तो म्हणाला. "वाकडी वीट, विटांमधला पोकळ दर्जा, सगळं त्याच्याखाली जातं. लोकांचं लई झाकलं मी. माझ्या भिंतीत झाकण्यासारखं काय नाय."

"लोक म्हणतील, गवंड्याचंच घर अर्धं राहिलं!"

"म्हणू दे."

हैदराबादची पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा तेरा-चौदा वर्षं झाली असतील. त्रिंबकभाऊजींचं वय तिशीच्या आतबाहेर. ते माझ्या मालकांना दादा म्हणायचे आणि मला वहिनी. अंगानं काडी, बोलणं मोजकं, आणि कानाच्या पाळीवर कायम सिमेंटचा एक ठिपका. तो ठिपका त्यांच्या लग्नात तरी धुतला होता का, मला शंका आहे.

दर्शनी भिंतीला चार वर्षं लागली. दर अवसेला जेमतेम एक थर. भट्टीवरून आलेल्या विटांतली एकेक हातात घ्यायचे, दुसरीवर हलकेच वाजवायचे आणि आवाज ऐकायचे. खणखणीत वाजली तर समोरच्या भिंतीला, बद्द वाजली तर मागं न्हाणीला. मग दोन विटांमधल्या फटी, ज्याला ते दर्जा म्हणत, बोटाएवढ्या बारीक करणीनं भरायचे. एक दर्जा भरला की मान मागं करून बघायचे, आणि पटला नाही की उकरून पुन्हा भरायचे. साळूबाई चहा घेऊन उभी राहायची, चहावर साय यायची, ती साय काढून तीच प्यायची.

"माझी सवत विटांची आहे," ती मला म्हणायची. "कामावरून आले की आधी तिला बघतात, मग मला."

पण सवतीला तीच रोज सकाळी झाडायची, हेही मी बघितलंय.

वर्षं गेली. गल्लीतल्या घरांना गिलावे झाले, मग निळे-हिरवे रंग लागले, पुढं पुढं तर संडासात शोभणाऱ्या फरशा लोकांनी दारात लावल्या. मध्ये ही एकच लाल भिंत. नवीन भाडेकरू विचारायचे, "बाबा, गिलावा राहिला वाटतं?"

"राहिला नाय. केला नाय," ते म्हणायचे, आणि हसायचे. त्या दोन शब्दांतला फरक कुणाला कळायचा नाही. आमच्याकडं उघड्या विटा म्हणजे पैसे संपलेलं घर, एवढंच लोकांना माहीत.

मुलगा बद्रीनाथ कंपनीत लागला, त्याला मुलगी झाली. तिला साळूबाईच्या सासूचं नाव ठेवलं, मनकर्णा. घरात मनू. ही मनू लग्नाला आली आणि दोन ठिकाणं येऊन मोडली. तिसरं दौलताबादकडचं आलं. ते आमच्या मालकांनीच आणलं होतं. मुलगा मनूला मनापासून पसंत पडला होता. कसं कळलं म्हणाल, तर पोह्यांच्या बशा देताना तिचे कान लाल झाले होते.

पोहे झाल्यावर त्रिंबकभाऊजींनी मुलाच्या वडिलांना, आप्पासाहेबांना, बाहेर नेलं. भाऊजींना वाटलं, पाहुण्यांनी घर बघितलं, माणसं बघितली, आता भिंतही बघावी. सत्तरीला टेकले होते, पण पाठ ताठ करून म्हणाले, "हात फिरवा. एक वीट पुढं-मागं लागली तर सांगा."

आप्पासाहेबांनी हात फिरवला. मग हात धोतराला पुसला आणि मायेनं विचारलं, "आणि बाकीचं काम कधी काढणार, बाबा?"

मी ओट्यावरून बघत होते. भाऊजींचा भिंतीवर ठेवलेला हात तसाच राहिला.

"काढू," ते म्हणाले. "बद्री बघतोय."

आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण घर चाळीस वर्षं अर्धं ठेवणारी माणसं लग्न तरी पुरं करतील का? मी मालकांना म्हटलं, "निरोप जरा तासून सांगा." पण त्यांना तासता येत नव्हतं. जसा आला तसा सांगून मोकळे झाले.

साळूबाईनं कपाळाला हात लावला. "अवसेचं काम! मी पहिल्यापासून सांगत होते."

"बाबा, एका भिंतीपायी पोरीचं वाटोळं करायचं का?" बद्रीनाथ एवढंच बोलला आणि चपला न घालता बाहेर गेला.

मनू भिंतीला पाठ लावून उंबऱ्यापाशी बसली होती. "राहू द्या, आजोबा," ती म्हणाली. "मला नाय करायचं तिथं." नाय म्हणताना तिचं नाक भरून आलं होतं.

त्रिंबकभाऊजींनी तिच्याकडं बघितलं. भिंतीकडं त्यांनी बघितलं नाही. मग म्हणाले, "वहिनी, दादांना सांगा, महिन्याभरानं परत या म्हणून कळवा त्यांना. घर पुरं झालेलं असंल."

गिलावेवाले आले. दोघं तरणे गडी. विटांवर वरवर छिन्नी मारायला लागले, तसे भाऊजी खाटेवरून उठले. "असा गिलावा धरायचा नाय रे. दर्जा उकरावा लागतो, बोटभर आत. तेव्हा सिमेंटला पकड मिळते."

"बाबा, तुमचा दर्जा निघत नाही. लोखंड झालंय त्याचं."

"आण इकडं," म्हणून त्यांनी छिन्नी हातात घेतली.

पाच दिवस स्टुलावर बसून त्यांनी स्वतः भरलेले दर्जे स्वतः उकरले. आता मान मागं करून बघणंही नव्हतं. लाल भुकटी त्यांच्या भुवयांवर साचायची. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही.

"भाऊजी, त्या पोरांना करू द्या ना. तुम्ही काहून?"

"मीच भरलेत, वहिनी. कुठून ढिले पडतील ते मलाच माहीत."

मी घरात येऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

गिलावा चढला त्या दिवशी साळूबाई माझ्याकडं येऊन बसली. चाळीस वर्षं मागत होती तो झाला, पण तिनं चहासुद्धा घेतला नाही. "राजाबाई," ती म्हणाली, "मी बाजारातून आले आणि आपलं दार सोडून पुढं गेले बघ."

आता गिलाव्याला पाणी मारावं लागतं. सकाळ-संध्याकाळ, निदान दहा-बारा दिवस. त्याला तराई म्हणतात. ती नाही झाली तर बारीक तडे जातात. गडी दुसऱ्या कामावर गेले, बद्रीनाथला कंपनीची पाळी. तराई त्रिंबकभाऊजींनीच अंगावर घेतली.

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "जाऊ द्या की तडे. आतली वीट तरी दिसंल."

"काम वाईट नाय त्यांचं," ते म्हणाले. "वाळू जरा जाड वापरली."

आप्पासाहेब परत आले ते महिन्यानं नाही, तर तेराव्यानंतर. त्यांनी नव्या भिंतीकडं बघून मान हलवली आणि सोयरीक पक्की झाली. मनू आज दोन लेकरांची आई आहे, सुखात आहे. पण ते बघायला भाऊजी नव्हते. तराईच्या नवव्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले आणि साळूबाई चहाला उठवायला गेली तेव्हा गार पडले होते.

त्या दिवशीची सकाळ मला आठवते, कारण आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. ऊन भिंतीवर यायच्या आत ते बाहेर आले. नळाखाली बादली लावली, ती भरेपर्यंत धोतराचा काष्टा वर खोचला. स्टुलावर चढून वरच्या कोपऱ्यापासून तांब्यानं पाणी सोडत सोडत खाली आले. खिडकीच्या वरचा भाग लवकर वाळतो, म्हणून तिथं दोन तांबे जास्त. एक बादली संपली, दुसरी भरली. दाराच्या चौकटीत पाणी जाऊ नये म्हणून तिथं हाताचा आडोसा धरला. सगळी भिंत एकसारखी ओली काळी झाल्यावर स्टूल आत ठेवलं, बादली पालथी घातली, आणि पायांचा चिखल पायरीच्या कडेला पुसून घरात गेले.