मी भरलेली तिची वही

वाळूजच्या एका कारखान्यात शिकाऊ मुलं माझ्या हाताखाली असायची. देवगाव रंगारीहून बारावी करून आलेल्या एका मुलीला मी वर्षभर पॅकिंगलाच बसवलं. लोखंड कापून आकार देणारं लेथ मशीन शिकाऊच्या हाती दिलं की माल कमी निघायचा आणि बोलणी मला बसायची. तिच्या प्रशिक्षणाच्या वहीत मात्र दर आठवड्याला 'लेथवर सराव केला' असं लिहून मी सही करत गेलो.

वर्ष संपताना शिकाऊंची परीक्षा असते; तिच्या आदल्या दिवशी ती आली. "सर, एकदा तरी मशीन चालवू द्या की."

"आज लई माल काढायचाय, पोरी."

"व्हय, वहीत तर मला समदं येतंयच!"

ती हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये कसा धरायचा, हेच तिला कळेना. परीक्षकानं वही चाळून मला विचारलं, "हिला शिकवलं होतं ना?"

माझी नोकरी जाईल, एवढंच डोक्यात आलं.

"शिकवलं होतं," मी म्हणालो. "तिचंच लक्ष नसायचं."

 ती नापास झाली आणि गावी गेली. तिला पुढं कुठं काम मिळालं का, हे विचारायचं धाडस मला तीन वर्षांत झालेलं नाही.