काटा फुल्ल, गाडी बंद

माझ्या मेव्हण्याच्या लग्नाच्या दिवशी नवरदेवाची गाडी डिझेल संपून रस्त्यात बंद पडली, तेव्हा तिच्या डिझेलचा काटा 'फुल्ल'वर होता. तो काटा मी स्वतः दुरुस्त केला होता.

गाडी म्हणजे आमची जुनी पिकअप. नेकनूरच्या बाजारात शेळ्या न्यायच्या आणि येताना पेंडीची पोती आणायची, हा तिचा धंदा. तिचा डावा दरवाजा आतून उघडत नाही, त्यामुळे डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला उतरवायला आधी मला उतरून गाडीला प्रदक्षिणा घालावी लागते. (सासरे बसलेले असले की लोकांना वाटतं, जावई फार संस्कारी आहे!) बाकी गाडी ठणठणीत. फक्त डिझेलचा काटा मागच्या उन्हाळ्यात शून्यावर पडला तो उठलाच नाही. टाकी भरा नाहीतर रिकामी ठेवा, काटा झोपलेला!

त्यावर आम्ही नवरा-बायकोनं एक उपाय काढला होता. मी मागं हौद्यात उभं राहून उड्या मारायच्या आणि माझ्या बायकोनं, म्हणजे सुमननं, टाकीला कान लावून निकाल द्यायचा.

"चुबुक चुबुक वाजतंय. नेकनूर व्हईल. बीड व्हायचं न्हाई!"

तिचा अंदाज कधी चुकला नाही. पण त्याचं कौतुक करायची बुद्धी मला तेव्हा नव्हती.

अशात सुमनच्या एकुलत्या एक भावाचं, संतोषचं, लग्न ठरलं. नवरी चौसाळ्याची. संतोषनं मनात पांढरीशुभ्र, फुलांनी सजवलेली भाड्याची गाडी धरली होती. सासरवाडीच्या बैठकीत मी मांडीवर थाप मारून जाहीर केलं, "नवरदेव माझ्या गाडीत जाईल!"

"दाजी, तिच्यात शेळ्यांचा वास येतोय ओ," संतोष रडवेला झाला.

"मंग? तुझ्या बापानं शेळ्या राखूनच तुला मोठा केला ना बे?"

"बराबर बोललात, पाव्हणं!" सासरे खूश. त्यांना मी मामा म्हणतो. पन्नास शेळ्या आणि एक जावई, एवढ्यावर त्यांचा विश्वास. शेळ्यांवर थोडा जास्त.

सुमन तेवढी म्हणाली, "आधी तो काटा मिस्त्रीला दाखवा."

"मिस्त्री कावून? मी मेलो का?"

मी एकदा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चपलेचे दोन फटके मारून चालू केला होता. तेव्हापासून यंत्रं मला घाबरतात, अशी माझी समजूत होती.

लग्नाला चार दिवस असताना मी काट्याला हात घातला. पहिला उपाय परंपरेनं ठरलेला: काट्याच्या काचेवर गुद्दे. काटा ढिम्म. मग फ्यूज बदलला. ढिम्म! मग मोबाईलवर एका दाढीवाल्या मिस्त्रीचा हिंदी व्हिडिओ सापडला. तो म्हणाला, टाकीतून येणारी वायर सोडवून गाडीच्या लोखंडाला टेकवा. काटा उठला तर काटा चांगला, बिघाड टाकीत.

सुमनला आत काट्यापुढं बसवलं आणि मी गाडीखाली शिरून वायर टेकवली.

"उठला! अवो, उठला!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारची दोन माणसं पळत आली. आमच्याकडं कुणी आजारी होतं आणि आपल्याला कळवलं नाही, म्हणून ती माणसं आधी रागावली आणि मग काटा बघून जास्त रागावली.

आता थांबणं अशक्य होतं! टाकीत एक फुगा डिझेलवर तरंगतो, त्याची दांडी वर-खाली होते आणि दांडीच्या बुडाशी असलेली डबी काट्याला निरोप देते. ती डबी मळानं गच्च भरली होती. मी ती उघडली, पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली आणि परत बसवायच्या वेळी मोबाईलचा डाटा संपला. पण डबी बसली! आणि एखादी वस्तू बसली म्हणजे ती बरोबरच बसली, असं माझं मत होतं.

चावी फिरवली. काटा हळूहळू उठला, डुलला आणि पाऊण टाकीवर थांबला. मी गाडीच्या टपावर हात मारून आरोळी ठोकली.

सुमननं सवयीनं टाकीला कान लावला. "अवो, मारा बरं दोन उड्या... ही तर पाव टाकी वाजतीय."

"सुमन, कानाचा जमाना गेला आता!"

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मांडवाचे खांब आणले, पाण्याच्या टाक्या वाहिल्या, नेकनूरच्या स्टँडवरून पाहुणे उचलले. गाडी दिवसभर पळायची आणि संध्याकाळी बघावं तर काटा उतरायच्या ऐवजी चढलेला! पहिल्या दिवशी एक केस. दुसऱ्या दिवशी बोटभर!

"पाव्हणं, तुमी नेमकं केलं तरी काय?" मामांनी कुजबुजत विचारलं.

"काय न्हाई मामा. आतून जरा सफाई केली."

मामांनी ही गोष्ट चार जणांना सांगितली, त्या चार जणांनी गावाला. लोक काटा बघायला यायला लागले. मी काचेवरची धूळ रुमालानं पुसून दाखवायचो. एक जण म्हणाला, माझ्या ट्रॅक्टरची पण सफाई करा. मी त्याला लग्नानंतरची तारीख दिली! बापहो, तारीख दिली!

लग्नाच्या सकाळी सुमन म्हणाली, "डिझेल टाकून घ्या. टाकीतून आवाजच येईना."

"भरलेला माठ वाजतो का कधी? उथळ पाण्यालाच खळखळाट असतो, सुमन."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. उथळ पाण्याकडं बघतात तसं.

बारा पस्तीसचा मुहूर्त होता. पुढं मी, मध्ये अत्तराची अख्खी बाटली अंगावर रिकामी केलेला नवरदेव आणि पलीकडं मामा. मागं हौद्यात सुमन आणि दहा-बारा बायका, गाणी म्हणत. आमच्या मागून वऱ्हाडाच्या मोटारसायकली. चौसाळ्याचा मांडव अर्ध्या किलोमीटरवर आला, बँडचा आवाज ऐकू यायला लागला, आणि गाडीनं दोन आचके दिले, एक उचकी दिली आणि ती गप्प झाली.

मी काटा पाहिला. फुल्ल!

म्हणजे डिझेल सोडून काहीही असू शकतं. मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या वायरी घासल्या, पट्टे ओढून पाहिले, फिल्टरवर चापट्या मारल्या. घड्याळ बारा दाखवत होतं.

"दाजी, डिझेल तर संपलं न्हाई ना?"

"आंधळा हायेस का बे? काटा बघ की!"

संतोषनं काटा पाहिला. मामांनी पाहिला. मोटारसायकलवरचे सगळे एकेक करून डोकावून पाहून गेले. फुल्ल म्हणजे फुल्लच. सव्वाबारा झाले! संतोषचा फेटा सुटायला लागला. मुंडावळ्यांच्या मागून तो माझ्याकडं असा बघत होता की मी परत बॉनेटमध्ये डोकं घातलं.

तेवढ्यात सुमन हौद्यातून उतरली. पैठणीचा पदर खोचून ती टाकीपाशी वाकली आणि हातातलं कडं तिनं टाकीवर हाणलं.

टणण्!

मंदिरातली घंटा शोभावी असा आवाज!

"इकडं या," ती म्हणाली, "ऐका तुमचा भरलेला माठ."

मोटारसायकलवरच्या एका पाहुण्यानं जवळच्या मळ्यातून डिझेलचा मोठा कॅन आणला. मी ओतायला लागलो. काट्यावर लक्ष ठेवायला मामा आत बसले होते.

"पाव्हणं, काटा पडायलाय!" मामा ओरडले. "टाकी फुटली! टाकी फुटली! खाली बघा!"

सगळ्या बायका नव्या लुगड्यांत खाली वाकल्या. जमीन कोरडी.

"वता, अजून वता!"

मी ओतलं. काटा अजून खाली. ओतलं की खाली, ओतलं की खाली! अर्धा कॅन रिकामा झाला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला: डबी उलटी बसली होती. डिझेल संपत जाईल तसा काटा वर चढत होता. तीन दिवस मी रिकामी होत चाललेली टाकी लोकांना रुमालानं पुसून दाखवत होतो!

मी चावी फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. टाकी कोरडी पडल्यामुळं नळीत हवा शिरली होती. आता बारा पंचवीस.

"ढकला!" मामा गरजले. "नवरदेव आत बसू द्या. बाकी समदे ढकला!"

आणि आम्ही ढकललं! मी, मामा, मोटारसायकलवाले, बायका. सुमन माझ्या शेजारी, दात-ओठ खात (गाडीवर की माझ्यावर, ते विचारलं नाही). संतोषनं स्टेअरिंग धरलं होतं. आम्हाला उशीर का झाला म्हणून बघायला आलेल्या बँडवाल्यांनी हे पाहिलं आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुढं उभं राहून दणक्यात वाजवायला सुरुवात केली! मग नवरीकडची माणसं धावत आली. वऱ्हाड नवरदेवाची गाडी हातानं आणतंय, केवढी ही हौस! तीही जोर लावायला लागली. एक म्हातारे गृहस्थ ढकलता ढकलता मामांना म्हणाले, "तुमच्याकडं अशी रीत हाय व्हय?"

"हाय," मामा धापा टाकत म्हणाले. "जावई लई हुशार निघाला की करावी लागती."

गाडी मांडवाच्या दारात थांबली तेव्हा बारा तेहेतीस झाले होते. मी उतरलेल्या नवरदेवाला अत्तर आणि डिझेल अशा मिश्र वासाची मिठी मारली. अक्षता वेळेवर पडल्या. लग्न झालं!

जेवणाच्या पंगतीत आम्ही बसलो होतो. नवरीचे चुलते, रंगनाथ तात्या, पिकअपच्याच कामातले मिस्त्री निघाले. त्यांनी आपण होऊन नळीतली हवा काढली, गाडी चालू केली, डबी सुलटी केली आणि हात पुसत पंगतीत आले.

"गाडी झाली ओ. पण एक विचारू का? टाकीतली डबी उलटी बसवली व्हती. असं काम कोण्या येड्यानं केलंय?"

मामा बुंदीकडं बघायला लागले. संतोष नवरीकडं. एवढ्या सगळ्यांत माझं नाव कुणी घेतलं नाही, हे बघून माझा ऊर भरून आला. मग सुमन वाढता वाढता थांबली आणि शांतपणे म्हणाली, "हाय एक आमच्या घरीच. बदलून घेतला असता, पण आता दोन लेकरं झाल्यात."

सगळी पंगत खदखदून हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ती कुणाबद्दल बोलतेय, हे मला दोन घास खाल्ल्यावर कळलं!